गुलाब : अंगणातला आणि कवितेतला

'गुलाब' हा शब्द मराठी की उर्दू? तुम्ही म्हणाल, उर्दू. तुमच्या शेजारच्या मराठी शाळेतला मुलगा म्हणेल, मराठी. खरे तर तो फारसीतून दोघांच्याही घरी आलेला पाहुणा आहे आणि आता दोन्ही घरांत घरचाच होऊन राहिला आहे.

फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी, हे तुम्हांला सांगायला नको. म्हणजे 'गुलाब' या शब्दाचा मूळ अर्थ गुलाबपाणी असा आहे. इराणात आजही हा शब्द गुलाबपाण्यासाठीच वापरतात. आपल्याकडे मात्र पाण्याचे नाव फुलाला मिळाले, आणि मग पाण्याला काय म्हणायचे, असा प्रश्न पडून आपण 'गुलाबपाणी' हा शब्द केला. त्यात पाणी दोनदा आले आहे! पण भाषा अशा गोष्टींची फिकीर करीत नाही.

'गुल'ने मराठीला आणखीही शब्द दिले. गुल आणि कंद (म्हणजे साखर) मिळून गुलकंद झाला. उर्दूतला 'गुल-ए-अब्बास' मराठीत गुलबास झाला. गुलछडी, गुलमोहर, गुलदस्ता, गुलाबदाणी हे शब्द मराठी माणूस रोज बोलतो. हिवाळ्यातल्या हलक्या थंडीला तो 'गुलाबी थंडी' म्हणतो. औषधाचा 'जुलाब' हा शब्दही याच 'गुलाब'चे अरबी रूप आहे, हे ऐकून तुम्हांला हसू येईल. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. उर्दूत 'फूल' पुल्लिंगी आहे, मराठीत ते नपुंसकलिंगी आहे. म्हणून 'तो गुलाब' म्हणा, पण 'ते फूल' आणि 'ती फुले' असे म्हणा.

आता थोडे इतिहासात जाऊ. बाबर बादशहाने आपल्या तीन मुलींची नावे गुलरंग, गुलचेहरा आणि गुलबदन अशी ठेवली होती. यांतल्या गुलबदन बेगमने पुढे 'हुमायूननामा' हा ग्रंथ लिहिला. बादशहाच्या घरातील एका स्त्रीने लिहिलेला तो मोलाचा इतिहास आहे. नूरजहानची आई अस्मत बेगम हिची हकिकत तर फार सुंदर आहे. ती गुलाबपाणी तयार करीत होती. गरम गुलाबपाणी भांड्यांत ओतले, तेव्हा त्याच्यावर तेलाची पातळ साय जमलेली तिला दिसली. तिने ती थोडी थोडी करून गोळा केली. त्या एका थेंबाचा सुगंध इतका होता, की जहांगीराने आपल्या आठवणींच्या ग्रंथात तिचे कौतुक लिहून ठेवले. त्या अत्तराला 'इत्र-ए-जहांगीरी' असे नाव मिळाले. सायीकडे इतर कोणी लक्ष दिले नसते. तिने दिले, एवढाच फरक. असे तेल मिळते मात्र फार थोडे. एक किलो तेलासाठी तीन हजार किलोंहून अधिक फुले लागतात.

दूरच्या इंग्लंडात गुलाब हे लढाईचे निशाण झाले. तेथे १४५५ ते १४८५ या काळात दोन राजघराण्यांत गादीसाठी युद्धे झाली. यॉर्क घराण्याची खूण पांढरा गुलाब आणि लँकेस्टर घराण्याची लाल. शेवटी लँकेस्टरच्या बाजूचा सातवा हेन्री राजा झाला. १४८६ साली त्याने यॉर्क घराण्यातील एलिझाबेथशी लग्न केले आणि लाल व पांढऱ्या पाकळ्या एकाच फुलात काढून नवे राजचिन्ह केले. 'गुलाबांची युद्धे' हे नाव मात्र लढणाऱ्यांनी दिलेले नाही, ते फार नंतर रूढ झाले. लढाया झाल्या तेव्हा त्यांत फुलासारखे काही नव्हते.

आपल्या देशात पंडित नेहरूंच्या अचकनीवरचा लाल गुलाब सर्वांना ठाऊक आहे. पण राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन हेही गुलाबांचे मोठे शौकीन होते. शिक्षणाला वाहून घेतलेल्या या माणसाचे नाव चंडीगढच्या प्रसिद्ध गुलाबबागेला दिले आहे. ती बाग १९६७ साली उभी राहिली. तुमच्या आमच्या गावात तर गुलाबाला रोजचेच काम असते. तो देवाच्या पूजेत असतो, दर्ग्यावरच्या फुलांच्या चादरीत असतो, आणि नवरदेवाच्या सेहऱ्यातही असतो.

कवितेत गुलाब आणि बुलबुल यांची जोडी तुम्ही उर्दूच्या तासाला पाहिलीच असेल. गुल म्हणजे प्रिय व्यक्ती आणि बुलबुल म्हणजे तिच्यासाठी गाणारा प्रेमी. शेकडो वर्षे कवींनी ही जोडी वापरली. पण एक गंमत सांगतो. फारसी कवितेतला बुलबुल आणि आपल्या अंगणातला लालबुड्या बुलबुल हे दोन निराळे पक्षी आहेत. आपला बुलबुल गुलाबासाठी रडत नाही. तो किडे टिपतो आणि पिकलेली फळे खातो. अनेक कवींनी मात्र अंगणात न पाहताच, जुन्या कविता वाचून बुलबुल लिहिला. मौलाना हाली यांना हेच खटकले. १८९३ साली आलेल्या 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी' या ग्रंथात त्यांनी ठरीव, उसन्या कल्पनांवर कडक टीका केली.

आणि त्याच १८९३ साली एका मराठी कवीने 'तुतारी' ही कविता लिहून जुने सोडा, नवे घ्या, असा पुकारा केला. त्या कवीचे नाव केशवसुत. त्यांचे खरे नाव कृष्णाजी केशव दामले. त्यांचा जन्म १८६६ साली आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे झाला. गणपतीपुळ्याच्या शेजारचे, समुद्रकाठचे हे गाव. केशवसुत शिक्षक होते. पोटासाठी त्यांना मुंबई, खानदेश, धारवाड असे फिरावे लागले, आणि १९०५ साली हुबळी येथे प्लेगने त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांना चाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. मराठीतले पहिले सुनीत त्यांनी १८९२ साली लिहिले. त्याचा विषय ऐका : 'मयूरासन आणि ताजमहाल'! शहाजहानच्या दोन निर्मितींवर कोकणातल्या एका गरीब शिक्षकाने मराठीत कविता केली. मला ही गोष्ट 'तुतारी'इतकीच महत्त्वाची वाटते.

मालगुंडला त्यांच्या जन्मघराजवळ कोकण मराठी साहित्य परिषदेने केशवसुतांचे स्मारक उभारले आहे. त्याचे उद्घाटन १९९४ साली कवी कुसुमाग्रज यांच्या हस्ते झाले. सहल काढलीत तर तेथे अवश्य जा.

गाव सोडून दूर राहणाऱ्या केशवसुतांनी नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्यावरही एक कविता लिहिली आहे. हाच वारा कोकणात पाऊस आणतो. भाताला तो हवा असतो, गुलाबाला मात्र तो सोसत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाने सतत ओली राहिली की त्यांवर बुरशीचे काळे ठिपके पडतात, मग पाने पिवळी होऊन गळतात. पावसाने जांभ्या मातीतले खतही वाहून जाते. म्हणून पुष्कळ लोक म्हणतात, "कोकणात गुलाब होत नाही." होतो, पण त्याच्याकडे पाहावे लागते.

झाड कुंडीत लावा, म्हणजे पावसाळ्यात ते पागोळीखालून हलवता येते. कुंडीच्या तळाला भोक हवेच. माती आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळून भरा. दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळू द्या. पाणी सकाळी मुळाशी घाला, पानांवर नको. ठिपक्यांची पाने तोडून दूर नेऊन जाळा, कुंडीत पडू देऊ नका. हापूसचे कलम तुम्ही पाहिले आहे. बाजारातला गुलाबही बहुधा तसाच असतो : खाली जंगली गुलाबाचा खुंट आणि त्यावर चांगल्या जातीचा भरलेला डोळा. सांध्याच्या खालून जोमदार फुटवे येऊ लागले तर खूश होऊ नका. ते जंगली खुंटाचे असतात आणि वरच्या झाडाचे अन्न खातात. ते मुळापासून काढून टाका.

ऑक्टोबरात पाऊस थांबला की धारदार कात्रीने छाटणी करा. वाळलेल्या, रोगट फांद्या काढा. चांगली फांदी बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडे वर, तिरकी कापा. झाड उघडेबोडके दिसेल, घरातली माणसे कुरकुर करतील. दहा-बारा दिवसांत तांबूस कोंब दिसू लागतील, आणि छाटणीपासून साधारण सहा-सात आठवड्यांनी, म्हणजे गुलाबी थंडी पडू लागेल तेव्हा, पहिली कळी उमलेल.