तेल वाचवू, पण पाणीही मोजू



आपल्या भारत देशात धान्य, कापूस, ऊस सगळे पिकते. पण खनिज तेल मात्र फार कमी निघते. १९७४ साली मुंबईजवळ समुद्रात ‘मुंबई हाय’ येथे तेल सापडले. तरीही आज आपल्याला शंभर लिटर तेल लागले तर पंच्याऐंशी लिटरहून जास्त परदेशातून आणावे लागते. दूर कुठे लढाई झाली की इकडे भाव वाढतो. १९७३ साली अरब-इस्रायल लढाई झाली, तेव्हा तेलाचा भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाला. तेल महागले की भाजीपण महागते, कारण भाजी टेम्पोतून येते.

आमच्या बजाजनगरचे नाव दुचाकीच्या कारखान्यावरून पडले आहे. म्हणून पेट्रोलचा विषय इथे घरोघरी निघतो.

यावर सरकारने एक उपाय काढला. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे. इथेनॉल म्हणजे काय? कारखान्यात उसाची साखर केली की शेवटी काळी, चिकट मळी उरते. ती आंबवतात, मग तापवून तिची वाफ थंड करतात. त्यातून जे स्पिरिट मिळते ते इथेनॉल. ते उसाच्या रसापासून, मक्यापासून आणि तांदळाच्या कणीपासूनही होते.

२००३ साली नऊ राज्यांत पाच टक्के इथेनॉल मिसळायचे ठरले. त्यात महाराष्ट्र होता. २०१८ साली राष्ट्रीय जैवइंधन धोरण आले. २०२२ च्या जूनमध्ये देशात दहा टक्के झाले आणि २०२५ मध्ये वीस टक्के.

आता हिशोब करू. गाडीत पाच लिटर भरले तर चार लिटर पेट्रोल आणि एक लिटर इथेनॉल. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा शक्ती सुमारे एक तृतीयांश कमी असते. म्हणून गाडी थोडे कमी अंतर जाते आणि पूर्ण एक लिटर पेट्रोल काही वाचत नाही. तरी देशाचा पैसा वाचतो, आणि कारखान्याला पैसे आले की शेतकऱ्याला उसाचे बिल मिळते. आमच्या आजोबांचा पैठणच्या कालव्यावर अर्धा एकर ऊस आहे. ते म्हणतात, “ऊस गेला की हातात रक्कम येते, बाकी पिकाचा भरवसा नाही.”

पण ऊस पाणी फार पितो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात लिहिले आहे की, उसाच्या साखरेपासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २८६० लिटर पाणी लागते. म्हणजे साडेतीन लिटर इथेनॉलला दहा हजार लिटरचा एक टँकर! आजोबांच्या उसाला जायकवाडीचे पाणी आहे आणि आमच्या नळालाही जायकवाडीचेच आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, हे पालकांना आठवत असेल.

२०२३ साली पाऊस कमी पडला. मग साखर कमी पडू नये म्हणून सरकारने डिसेंबरमध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातले. ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये उठवले. मधल्या काळात मक्याचा वापर वाढला. मक्याला उसापेक्षा पाणी कमी लागते.

यावरून मला असे वाटते की, धोरण चांगले आहे, पण आपल्या मराठवाड्यात तेलाबरोबर पाण्याचाही हिशोब मांडला पाहिजे. आधी मळी वापरावी, मका वापरावा. ऊस लावायचाच तर ठिबकवर लावावा. आजोबांना मी हे सांगितले. ते म्हणाले, “ठिबकला पैसा लागतो, बाळा.” म्हणून सरकारने इथेनॉलला भाव दिला तसा ठिबकलाही हात द्यावा.

आणि आपण काय करावे? जवळ जायचे तर पायी किंवा सायकलवर जावे. लांब जायचे तर एसटीने जावे. पालकांनो, गाडी उभी असताना इंजिन बंद ठेवा. जे तेल जळलेच नाही, त्यासाठी ना परदेशी पैसा लागतो, ना धरणातले पाणी.