बोलण्याचा उपचार : आपल्याला उपयोगी पडेल का?

(द्वितीय वर्ष कला)

कोणी जरा विचित्र वागले की "याला ठाण्याला पाठवा" असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. पुण्याकडे त्याच अर्थाने येरवड्याचे नाव घेतात. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले आणि भिवंडीपासून ते जवळ, म्हणून ही थट्टा आपल्या तोंडी बसली. तिचा परिणाम असा झाला की मनाचे दुखणे म्हणजे वेड आणि वेड म्हणजे कुलूपबंद खोली, एवढेच आपल्याला ठाऊक असते. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था सुरू केली. तेथे शिकणारी, नोकरी करणारी, संसार करणारी माणसे स्वतःच्या पायांनी जातात, बोलतात आणि घरी परततात. हा बोलण्याचा उपचार काय आहे आणि तो आपल्याला उपयोगी पडेल की नाही हे कसे ठरवावे, याचा विचार या लेखात केला आहे.

उपचाराचा उगम

१८८० ते १८८२ या काळात व्हिएन्ना येथील डॉ. जोसेफ ब्रॉयर एका तरुणीवर उपचार करीत होते. मनात साठलेले बोलून टाकले की तिची लक्षणे कमी होत. या पद्धतीला 'बोलण्याचा उपचार' हे नाव तिनेच दिले. १८९५ साली ब्रॉयर व फ्रॉइड यांनी तिची हकीकत 'ॲना ओ.' या टोपणनावाने प्रसिद्ध केली. तेवढ्याने ती पूर्ण बरी झाली नव्हती. पुढेही तिला आरोग्यधामात राहावे लागले. मात्र नंतर तीच बर्था पापेनहाइम या नावाने नामवंत समाजसेविका झाली. म्हणजे हा उपचार जादू नव्हे, हे त्याच्या पहिल्याच उदाहरणात दिसते.

१९५५ च्या सुमारास अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी वेगळी वाट धरली. त्यांचे म्हणणे असे, की घटना सरळ आपल्याला दुःख देत नाही. घटना आणि दुःख यांच्या मध्ये आपला विचार असतो. पेपर अवघड गेला, ही घटना. "मी पास झालेच पाहिजे, नाहीतर माझी किंमत शून्य," हा विचार. छातीत धडधड आणि दुसऱ्या पेपरला न जाणे, हा परिणाम. आपल्या मराठीत तो 'च' नेमका दिसतो. "पास व्हावे असे वाटते" आणि "पास झालेच पाहिजे" यांत अक्षर एकच, पण ओझे किती निराळे! ही विवेकनिष्ठ पद्धत प्रा. कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. १९६० नंतरच्या दशकात ॲरन बेक यांनी याच्याशी नाते सांगणारी पद्धत उभी केली.

गुण येतो का?

१९५२ साली हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञाने असा आक्षेप घेतला, की उपचार न घेताही दोन-तृतीयांश रुग्ण सुधारतात. मग उपचाराचे श्रेय काय? या वादाला मोठे उत्तर १९७७ साली मिळाले. मेरी ली स्मिथ व जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र तपासले. उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती उपचार न घेतलेल्या ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत आढळली. मात्र काहींना गुण येत नाही, आणि थोड्या जणांचा त्रास वाढतोही. म्हणून "सर्वांनी जावे" किंवा "हे सगळे थोतांड आहे" ही दोन्ही टोके सोडून, मला उपयोग होईल का, एवढाच प्रश्न विचारावा.

स्वतःला विचारायचे चार प्रश्न

पहिला : त्रास किती दिवस आहे? दुःखाच्या प्रसंगी दुःख होणारच. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ, बहुतेक रोज मन खिन्न किंवा धास्तावलेले असेल तर लक्ष द्यावे.

दुसरा : काय अडते आहे? झोप, भूक, अभ्यास, माणसांत मिसळणे, यांपैकी काय बिघडले? माझे वडील यंत्रमागावर आहेत. ते सांगतात, साध्या मागावर आडवा धागा तुटला तर माग थांबतो. उभा धागा तुटला तर माग चालूच राहतो आणि कापडात दोष उतरत जातो. पुष्कळांचे असेच असते. कॉलेजात येणे चालू असते, म्हणून घरच्यांना काही कळत नाही.

तिसरा : जिवलगांशी बोलून काय होते? मन मोकळे करून हलके वाटत असेल तर तेवढे पुरेसे आहे. पण तीच गोष्ट दहा वेळा सांगून आपण तेथेच असू, तर ऐकणारा निराळा हवा. मैत्रीण धीर देते. उपचारक गाठ कोठे बसली हे शोधायला मदत करतो.

चौथा : मी स्वतः काही करायला तयार आहे का? येथे गोळी घेऊन पडून राहता येत नाही. विचार लिहून काढणे, टाळलेली गोष्ट थोडीथोडी करणे, असा गृहपाठ असतो. साधारणतः ६ ते २० बैठका लागतात.

हा उपचार कोठे पुरत नाही?

कानात आवाज येणे, सगळे आपल्याविरुद्ध कट करतात असे वाटणे, कित्येक रात्री झोप नसूनही अंगात उसने बळ असणे, अशा वेळी आधी मनोविकारतज्ज्ञ गाठावा. तो डॉक्टर असतो आणि औषध देऊ शकतो. जीव द्यावासा वाटत असेल तर क्षणभरही न थांबता घरच्या माणसाला सांगावे, रुग्णालय गाठावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. थकवा हेच मुख्य दुखणे असेल तर रक्त व थायरॉइड यांची तपासणी आधी करावी.

आणखी एक गोष्ट. सुताचा भाव बोलण्याने उतरत नाही, घरातली मारहाण बोलण्याने थांबत नाही. तेथे संघटना, कायदा, पोलीस हेच मार्ग. मात्र त्या ओझ्यावर "माझ्यातच काही खोट आहे" हे जे दुसरे ओझे आपण चढवतो, ते या उपचाराने उतरू शकते.

माझी उत्तरे

हे चार प्रश्न मी स्वतःला विचारले. पावसाळ्यापासून मला पहाटे तीनला जाग येते. परीक्षेच्या दालनात हात थरथरतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. चुलत भावंडे माझ्याकडे पाहून ठरवणार आहेत. मैत्रिणींना हे पुष्कळदा सांगून झाले. चारही उत्तरे एकाच दिशेला गेली, तेव्हा मी आईला सांगितले. ती म्हणाली, "जा, पण गल्लीत कळू देऊ नकोस. उद्या स्थळ येईल तेव्हा लोक बोलतील." तिची भीती खोटी नाही. माझ्या दोन बैठका झाल्या आहेत. झोप अजून तशीच आहे. पण चाचणीचा पेपर मी पूर्ण वेळ बसून लिहिला. हा लेख छापायला देण्यापूर्वी आईला वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "दे."

जाताना काय पाहावे?

चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती विचारण्यात संकोच नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्ततेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असणे यासारखे काही अपवाद त्याला आहेत. अठरा वर्षे पूर्ण झालेल्याला स्वतःहून जाण्यास कोणाची सही लागत नाही. पैशाची अडचण असेल तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. ठाण्याच्या मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. तेथे केसपेपर काढून, दाखवून त्याच दिवशी घरी येता येते.

चार बैठकांनंतर हिशेब मांडावा. आपले म्हणणे ऐकले जाते का? काय करायचे ते दोघांना स्पष्ट आहे का? रोजच्या जगण्यात तसूभर तरी फरक पडला का? नसेल तर तसे तोंडावर सांगावे, आणि तरीही जमत नसेल तर उपचारक बदलावा. जो जात-धर्म काढतो, उपदेशच करतो किंवा दुसऱ्यांच्या गोष्टी आपल्याला सांगतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

मित्रहो, पहिल्या दिवशी काय बोलावे हे सुचत नाही, म्हणूनही अनेक जण जात नाहीत. त्यासाठी भाषण लागत नाही. "मला झोप लागत नाही आणि का ते कळत नाही," एवढे एक वाक्य पुरते. पुढचे प्रश्न विचारणे हे समोरच्याचे काम आहे.