संगणकातील आपोआप बॅकअप : तो मंद का चालतो व उपाय काय?



१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनहून मायदेशी परतले, तेव्हा त्यांचा ग्रंथसंग्रह दुसऱ्या बोटीने येत होता. पहिले महायुद्ध चालू होते. जर्मन पाणबुडीने ती बोट बुडविली आणि पोटाला चिमटा घेऊन जमविलेली पुस्तके समुद्रतळाशी गेली. मोलाची वस्तू एकाच ठिकाणी असली की काय होते, याचे हे उदाहरण आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आज आपली कागदपत्रे संगणकात असतात. आमच्या अभ्यासिकेच्या संगणकात कर्जत व खालापूर तालुक्यांतील विद्यार्थ्यांचे दाखले, गुणपत्रिका व शिष्यवृत्तीचे अर्ज स्कॅन करून ठेवले होते. रोज सायंकाळी त्यांची प्रत आपोआप काढणारे सॉफ्टवेअरही बसविले होते. परंतु ते सुरू झाले की संगणक रेंगाळे, मुले कंटाळत. शेवटी आम्हीच ते बंद केले. पुढे पावसाळ्यात वीज ये-जा करू लागली आणि एका सकाळी हार्डडिस्क उघडेना. शेवटची प्रत तीन महिन्यांपूर्वीची होती. काही मुलांना मूळ कागदही घरी सापडेनात. त्यांना तहसील कचेरीच्या खेपा पुन्हा घालाव्या लागल्या. बॅकअप मंद का चालतो हे न शोधता आम्ही तो बंद केला, ही चूक आमची. ती इतरांकडून होऊ नये म्हणून हा पाठ.

पहिले कारण मार्गाचे. १०० जीबी माहिती जुन्या यूएसबी २.० जोडणीने सेकंदाला सुमारे ३० एमबी या वेगाने बाहेरच्या डिस्कवर जाते. म्हणजे सुमारे ५५ मिनिटे लागतात. यूएसबी ३.० ची डिस्क सेकंदाला १०० एमबी लिहीत असेल तर तेच काम १७ मिनिटांत होते. मात्र तीच माहिती इंटरनेटवरून पाठविताना वर चढविण्याचा वेग ५ एमबीपीएस असेल, तर सुमारे ४४ तास लागतील. येथे एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट होतो, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. शिवाय पुष्कळ जोडण्यांत माहिती उतरविण्याचा वेग मोठा व चढविण्याचा लहान असतो. जाहिरातीत बहुधा पहिलाच आकडा ठळक असतो.

दुसरे कारण फाईलींच्या संख्येचे. १० जीबीची एक फाईल लवकर जाते. तेवढ्याच जागेतील एक लाख लहान फाईली जात नाहीत. प्रत्येक फाईल शोधणे, उघडणे, नाव व तारीख नोंदविणे, बंद करणे हे काम वेगळे होते. फिरत्या हार्डडिस्कला एका शोधास सुमारे १० मिलिसेकंद लागतात. फाईलमागे तीन शोध धरले तरी एक लाख फाईलींना ५० मिनिटे केवळ शोधण्यातच जातात. स्कॅन केलेल्या दाखल्यांचे आमच्याकडे नेमके हेच होत होते.

तिसरे कारण सोबत चालणाऱ्या कामांचे. अँटिव्हायरस प्रत्येक फाईल तपासतो. सॉफ्टवेअर ती दाबून लहान करते व कुलूपबंद करते. जुन्या संगणकाला हा भार जड जातो. काही सॉफ्टवेअर तर माणसाच्या कामात अडथळा नको म्हणून मुद्दाम सावकाश चालतात. तो दोष नव्हे.

चौथे कारण मात्र धोक्याची घंटा आहे. काल लवकर होणारा बॅकअप आज एकाएकी रखडू लागला, तर डिस्क खराब होत असण्याचा संभव असतो. खराब जागा ती पुन्हा पुन्हा वाचीत बसते. अशा वेळी बॅकअप बंद करू नये. सर्वांत महत्त्वाच्या फाईली तत्काळ दुसरीकडे उतरवून घ्याव्यात.

उपाय सोपे आहेत. पहिली पूर्ण प्रत सुटीच्या दिवशी काढावी. त्यानंतर केवळ बदललेल्या फाईलींची प्रत निघेल अशी व्यवस्था ठेवावी. वेळ रात्रीची लावावी व संगणक मध्येच झोपी जाणार नाही असे पाहावे. जुन्या लहान फाईली वर्षवार एकत्र बांधून ठेवाव्यात. चित्रपट व गाणी यादीतून वगळावीत. खोपोलीत १९१५ पासून वीज तयार होते, तरी पावसाळ्यात आपल्या गावांतील दिवे जातातच. म्हणून संगणकाला यूपीएस जोडावा.

प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि एक दुसऱ्या गावी असावी. २६ जुलै २००५ चा पाऊस रायगड जिल्ह्याने अनुभवला आहे. एक प्रत कर्जतला तर दुसरी खोपोलीला, एवढे आपल्याला सहज जमेल. प्रत काढून झाल्यावर डिस्क संगणकापासून वेगळी करावी. २०१७ च्या मे महिन्यात जगभर पसरलेल्या वॉनाक्राय व्हायरससारखे व्हायरस जोडलेल्या डिस्कवरील फाईलीही कुलूपबंद करतात.

शेवटची गोष्ट, प्रत परत उघडून पाहावी. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या मोठ्या कंपनीत चुकून माहिती पुसली गेली, तेव्हा बॅकअपच्या अनेक व्यवस्था चालतच नव्हत्या असे आढळले. सुमारे सहा तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. जाणकारांचे असे होते, तर आपण अधिकच सावध राहिले पाहिजे. आम्ही आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा फाईली प्रतीतून उघडून पाहतो. हे काम विद्यार्थीच पाळीपाळीने करतात.

दाखला पुन्हा काढता येतो, पुस्तक पुन्हा विकत घेता येते. परंतु आजोबांचा एकमेव फोटो, संस्थेच्या पहिल्या सभेचे हस्तलिखित इतिवृत्त पुन्हा मिळत नाही. त्यांची प्रत आधी काढा. बॅकअप मंद चालला तरी चालू द्या. त्याला वेळ लागतो म्हणून तो बंद करू नका.

स्वाध्याय : आपल्या घरच्या संगणकातील किंवा मोबाईलमधील पुन्हा न मिळणाऱ्या दहा गोष्टींची यादी करा. प्रत्येकीची दुसरी प्रत कोठे आहे, ते तिच्यासमोर लिहा. जेथे जागा कोरी राहील, तेथून कामाला सुरुवात करा.