पाळणाघरातील अपघाती विषबाधा : प्रतिबंध हाच खरा उपचार

रुग्णालयाच्या कार्याच्या आढाव्याबरोबरच आरोग्यशिक्षणाचा एक विषय देणगीदार, विश्वस्त व पालकवर्गापुढे ठेवावा, या हेतूने हा लेख देत आहोत. पाळणाघर, बालवाडी व अंगणवाडीतील लहान मुलांना अपघाताने होणारी विषबाधा हा तो विषय होय. अनेक आजारांचे कारण आम्हांस शोधावे लागते. येथे मात्र ते बहुधा मुलाला घेऊन धावत आलेल्या व्यक्तीच्या हातातच असते. शीतपेयाची एक जुनी बाटली आणि तिच्या तळाशी उरलेले फिनेल किंवा रॉकेल!

एक ते तीन वर्षांचे मूल जगाची ओळख तोंडाने करून घेते. त्याला अक्षर कळत नाही, बाटली मात्र ओळखीची असते. त्यातच वजन कमी असल्याने मोठ्यांना किरकोळ वाटणारी मात्राही त्याला घातक ठरते.

मूळ डबा सोडलेले विष

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेतील मध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ बालके दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. ते तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले गेले असावे, असे प्राथमिक चौकशीत म्हटले गेले. तेलाविषयी स्वयंपाकीणबाईंनी शंका व्यक्त केली होती, असेही नंतर प्रसिद्ध झाले. यातून दोन धडे मिळतात. विषाचा डबा अन्नासाठी आणि अन्नाची बाटली विषासाठी कदापि वापरू नये. आणि मदतनीस बाईंच्या शंकेला संचालकांच्या शब्दाइतकेच वजन असावे.

कशापासून जपावे

रॉकेलचा वापर पूर्वीपेक्षा घटला असला, तरी टर्पेंटाइन व थिनर यांचा धोका तसाच आहे. असे द्रव पोटापेक्षा फुप्फुसाला अधिक अपाय करतात. गर्भवती मातांना मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या मुलांना गोड खाऊसारख्या दिसतात. ६० मिलिग्रॅम लोह असलेल्या दहा गोळ्या दहा किलो वजनाच्या बालकाच्या जिवावर बेतू शकतात. आरंभीच्या उलट्या थांबून मूल बरे वाटू लागते; पण ती शांतता फसवी असते. देवघरातील कापराच्या वड्यांनी थोड्याच वेळात आकडी येऊ शकते. कुंपणाच्या मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात, म्हणून मुले त्या वाटून खातात आणि एकाच वेळी अनेकांना उलट्या-जुलाब सुरू होतात.

केंद्रात पाळावयाचे नियम

१. औषधे, फिनेल, ॲसिड, उंदीर व डासांवरील औषधे कुलपाच्या कपाटात, मुलांच्या हातास न लागेल अशा उंचीवर, मूळ वेष्टनातच ठेवावीत.
२. खाद्यपदार्थ व साफसफाईच्या वस्तू एका फळीवर ठेवू नयेत.
३. फरशी पुसताना बादली क्षणभरही उघड्यावर सोडू नये.
४. मुलांसमोर औषधाला 'खाऊ' म्हणू नये.
५. सेविका व पालकांच्या पिशव्या खुंटीवर उंच टांगाव्यात. गोळ्या बहुधा तेथेच असतात.
६. आवारातील मोगली एरंड, कण्हेर, धोतरा काढून टाकावेत.

दुर्घटना घडल्यास

मुलाला उलटी करवू नये. घशात बोट घालणे, मिठाचे पाणी पाजणे हे उपाय घातक आहेत. रॉकेल वर येताना श्वासनलिकेत शिरते आणि एका घोटाचे फुप्फुसदाहात रूपांतर होते. मूल शुद्धीवर नसल्यास त्याला डाव्या कुशीवर निजवावे व तोंडाने काहीही देऊ नये. अंगावर द्रव सांडले असल्यास कपडे काढून भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेले असल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बाटली, वेष्टन किंवा उरलेल्या बिया सोबत आणाव्यात, तसेच किती वाजता व अंदाजे किती घेतले हे सांगावे. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लिहिलेला असावा. दोष कोणाचा, ही चर्चा नंतर करता येईल. भीतीपोटी लपविलेली माहिती उपचारास विलंब लावते.

आपण देणगीतून आमच्या अतिदक्षता विभागास बळ देता, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. तथापि त्याच उदारतेने आपल्या परिसरातील एखाद्या अंगणवाडीस कुलूप असलेले एक कपाट द्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे. त्या कपाटामुळे कोणते मूल वाचले, हे कधीच कळणार नाही. ते मूल आमच्या दारी येणारच नाही, यातच त्या दानाची सार्थकता आहे.