लेक नोकरी सोडून कपड्यांच्या धंद्यात निघाली, तर

मुलगी इंजिनिअर झाली, हिंजवडीत नाहीतर ऐरोलीत नोकरीला लागली, पगार वेळच्या वेळी जमा होतोय, आणि एके दिवशी ती म्हणते, "मला फॅशनमध्ये जायचंय." घरातलं वातावरणच बदलतं. मग कुणाकडून तरी माझा नंबर मिळतो आणि आई फोन करते. बाबा शेजारी बसून ऐकत असतात. मी बरीच वर्षं एक्स्पोर्टच्या कारखान्यांत मर्चंडायझर होते, आता याच क्षेत्रात येणाऱ्या मुलांना शिकवते, म्हणून हे फोन माझ्याकडे येतात. त्या फोनवर जे बोलते, तेच आज तुम्हा सगळ्यांशी जरा निवांत बोलते.

तुमची भीती मला समजते. मुंबईतल्या कितीतरी मराठी घरांत कापड म्हटलं की आजही १८ जानेवारी १९८२ आठवतो. डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, आणि परळ-लालबागच्या चाळींमधली हातातोंडाची गाठ तुटली. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांनी पोटाला चिमटा काढून मुलांना शिकवलं. या मुलांना कापडाच्या वाऱ्यालाही उभं राहावं लागू नये, हीच त्यांची धडपड होती. आता नात तिकडेच निघाली म्हटल्यावर जीव खालीवर होणारच. पण तिला "नाही" म्हणण्याआधी एक गोष्ट विचारा. फॅशनमध्ये म्हणजे नक्की कुठे? काय काम करणार?

आपल्या डोळ्यांसमोर फॅशन म्हणजे रॅम्प आणि डिझायनर एवढंच येतं. दुकानात टांगलेल्या एका साध्या शर्टामागे डिझायनर एक असेल, तर बाकीची माणसं किती! कापड शोधणारा, पॅटर्न मास्टर, सॅम्पल शिवणारा, गिऱ्हाईक कंपनीशी बोलणारा मर्चंडायझर, लाइनवर कुठल्या मशीनला किती मिनिटं लागतात ते मोजणारा इंडस्ट्रियल इंजिनिअर, क्वालिटीवाला, माल कुठल्या गावच्या दुकानात किती पाठवायचा ते ठरवणारा प्लॅनर, ऑनलाइन विक्रीचा हिशेब बघणारा. तुमच्या मुलीचं आजवरचं शिक्षण यातल्या कितीतरी ठिकाणी सरळ कामाला येतं.

एक उदाहरण देते. शर्टाचे पुढचे दोन भाग, पाठ, योक, बाह्या, कॉलर, कफ हे सगळे तुकडे कापडाच्या पन्ह्यावर जितके जवळजवळ बसवता येतील तितके बसवायचे, त्या मांडणीला मार्कर म्हणतात. खाली कापडाचे थरावर थर अंथरलेले असतात आणि सगळे एकदम कापले जातात. मांडणीत तुकडा जरासा सरकवून, पण उभ्या धाग्याची दिशा न मोडता, शर्टामागे ४ सेंटिमीटर कापड वाचवलं, तर ५,००० शर्टांच्या ऑर्डरीत २०० मीटर वाचतं. शर्टाच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा कापडाचाच असतो, तेव्हा कारखान्याचा नफा या टेबलावर ठरतो. हे गणित ज्या मुलीला आवडतं, तिची इंजिनिअरिंगची वर्षं कुठेही फुकट गेलेली नाहीत.

बाहेरची मोठी नावं तुम्हाला मुलं सांगतीलच. जॉर्जियो अरमानी आधी वैद्यकीय शिक्षण घेत होते, व्हर्जिल अॅब्लो सिव्हिल इंजिनिअरिंग शिकले होते. मला जास्त जवळचं वाटतं ते फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांचं उदाहरण. मूळचे गोव्याचे. केटरिंग शिकले, मस्कतमध्ये रॉयल ओमान पोलिसांच्या ऑफिसर्स क्लबमध्ये चांगल्या हुद्द्यावर होते. आखातातली नोकरी म्हणजे काय, हे गोव्यातल्या आणि कोकणातल्या घरांना वेगळं सांगायला नको. ती सोडून, साठवलेल्या पैशांवर ते अमेरिकेत आणि पॅरिसमध्ये फॅशन शिकले आणि परत आले. पुढे गोव्याच्या कुणबी बायकांची चौकड्यांची साडी विस्मरणात चालली होती, तिला त्यांनी पुन्हा माग आणि गिऱ्हाईक मिळवून दिलं. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२० मध्ये ते गेले. यात तुम्ही लक्ष द्यावं असं मला वाटतं ते एवढंच: आधी नोकरी करून पैसा साठवला, मग शिकले, मग धंद्यात पडले. हा क्रम पाळायला मुलांना सांगा.

कारण घाई होते ती इथेच. मुलगी म्हणते, "स्वतःचा ब्रँड काढते," आणि बाबा प्रेमापोटी एफडी मोडायला निघतात. कृपा करून पहिल्या वर्षी मोडू नका. कुर्त्यांची दहा डिझाइनं, प्रत्येकी चार रंग, प्रत्येक रंगात पाच साइझ, म्हणजे २०० प्रकार झाले. प्रत्येकी फक्त १० नग शिवले तरी २,००० कुर्ते. एका कुर्त्याला ४०० रुपये लागले, तर ८ लाख रुपये कपाटात. मीडियम आणि लार्ज आधी संपतात, बाकीच्या साइझ पडून राहतात. सीझन बदलला की तोच माल अर्ध्या किमतीत काढावा लागतो. ऑनलाइन विकलेल्यातला काही परत येतो, त्याचा नेण्या-आणण्याचा खर्च वर. दुकानदाराला उधारीवर दिला, तर लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा असूनही नव्या माणसाला पाठपुरावा करून करून थकायला होतं. या उधारीपायी हात असलेली, डोळा असलेली पोरं धंदा बंद करून गेलेली मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पैशाऐवजी तिला वेळ द्या. घरी राहू दे, दोन वेळचं जेवण असू दे, भाड्याची चिंता नको, आणि तिला दुसऱ्याच्या कारखान्यात काम करू दे. उल्हासनगरला जीन्स शिवतात, सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म, येवल्यात पैठणीचे माग आहेत, मुंबईत मंगलदास मार्केटमध्ये नुसतं फिरलं तरी कापडाचा पोत हाताला कळायला लागतो. वर्षभर पॅटर्न मास्टरच्या शेजारी उभं राहिलं, तर आपल्याला हे खरोखर हवंय की नाही, हे तिचं तिलाच कळेल. शिकायचंच असेल, तर निफ्टचा मास्टर ऑफ फॅशन मॅनेजमेंट हा अभ्यासक्रम कुठल्याही शाखेच्या पदवीधराला खुला असतो, मास्टर ऑफ फॅशन टेक्नॉलॉजीला बी.ई.-बी.टेक. झालेली मुलं जाऊ शकतात, आणि निफ्टचं मुंबई केंद्र खारघरलाच आहे. फी मोठी असते. म्हणूनच आधी कारखाना, मग फॉर्म.

सुरुवातीचा पगार आताच्या पगारापेक्षा बराच कमी असेल, ही मनाची तयारी ठेवा. वयाने लहान मुलगा तिचा वरिष्ठ असेल. शिपमेंटच्या आठवड्यात घरी यायला रात्र होईल. घरी सोडायला गाडी आहे का, हे नोकरी स्वीकारतानाच विचारायला लावा. आणि स्थळांचं म्हणाल, तर मुलीच्या बाबतीत बोलणं तिथे येतंच, मला माहीत आहे. स्वतःच्या कामाबद्दल ठामपणे बोलणारी मुलगी समोर बसल्यावर ज्या घराला अडचण वाटते, त्या घरी ती जाऊ नये असंच मला वाटतं.

मुलगा असेल, तर वेगळाच टोमणा ऐकू येतो: "आता काय शिंपी होणार का?" हा प्रश्न ज्या सुरात विचारतात, तो मला फार लागतो. नामदेव महाराज शिंप्याच्या घरातले. ज्याच्या हाताने अंगावर नीट बसेल असा खांदा कापला जातो, तो माणूस या धंद्यात सगळ्यांत अवघड मिळतो. चांगल्या कटिंग मास्टरला कारखानदार जपतात, त्याच्यासाठी थांबतात. आपल्या मुलाला ते येणार असेल, तर नातेवाइकांना ताठ मानेने सांगा.

शेवटचं एक काम आहे, आणि ते राजीनाम्याच्या पत्राआधीच करायचं. मोठ्या कंपन्यांच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये बऱ्याचदा आईवडिलांचीही नावं असतात. नोकरी सुटली की ते संरक्षणही जातं, आणि साठीनंतर, मधुमेह-रक्तदाब असताना नवी पॉलिसी घ्यायची म्हटलं की जुन्या आजारांसाठी थांबावं लागतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, आधीची वर्षं धरली जातात का, हे तिला एचआरकडून लेखी विचारून घ्यायला सांगा. तुमच्या औषधांच्या फाइली काढून ठेवा, आणि हप्ता कोण भरणार तेही त्याच दिवशी बसून ठरवा.