उपमा, रूपक आणि मनुस्मृती

विहारात गाथा म्हणताना अर्थाकडेही लक्ष द्या. धम्मपदाच्या पहिल्याच गाथेत, दुष्ट मनाने केलेल्या कर्मामागे दुःख कसे येते, याला बैलाच्या पावलामागून फिरणाऱ्या चाकाचा दाखला दिला आहे. मूळ पालीत 'व' एवढे एकच अक्षर 'जसे' हा अर्थ देते. 'जसे' आले की ती उपमा. ती कळायला पोथी लागत नाही, गाडी पाहिलेली असली की पुरे.

मज्झिम निकायात तराफ्याची उपमा आहे. आपल्या पोलादपूर-महाडकडे ती काय समजावून सांगायची! भरलेली सावित्री ओलांडायला तराफा हवा. पण पैलतीरी पोचल्यावर तो डोक्यावर घेऊन कोण हिंडेल? भगवान बुद्धांनी ही उपमा स्वतःच्या उपदेशालाच लावली.

रूपकात 'जसे' गळते. तेथे सावध राहा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात ब्राह्मण हे विराट पुरुषाचे मुख, क्षत्रिय बाहू, वैश्य मांड्या आणि शूद्र पायांपासून झालेला. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायाने हेच खरी उत्पत्ती म्हणून सांगितले आणि त्यावरून कामे वाटली. शूद्राच्या वाट्याला फक्त सेवा. कवीच्या कल्पनेचा असा कायदा झाला. तीच मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला जाळली गेली. पुढे १९४६ च्या शूद्रांवरील इंग्रजी ग्रंथात त्यांनी पुरुषसूक्ताचीही कसून तपासणी केली.

आज रात्री मुलांच्या मराठीच्या पुस्तकातील एक पाठ घ्या. 'जसे', 'सारखे', 'प्रमाणे' कोठे आले ते त्यांना शोधू द्या. कोठे गळले, तेही विचारा.