माळवदाचा गारवा आणि त्याचें ओझें

आपल्या धाराशिव जिल्ह्यांत वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर चढतो. अशा वेळीं जुन्या माळवदी घराच्या आंतल्या खोलींत शिरतांच अंगास गारवा लागतो. त्या गारव्याचें कारण, त्याचा धोका, आणि अशा घराच्या सांदीकोपऱ्यांचें उन्हापासून रक्षण करण्याची रीत, या तीन गोष्टींचा विचार येथें करावयाचा आहे.

उष्णता तीन मार्गांनीं प्रवास करते: वहनानें, अभिसरणानें व किरणांच्या रूपानें. माळवदी घराच्या दगडमातीच्या भिंती दोन-तीन फूट जाड असतात. तुळयांवर कडीपाट व त्यावर मातीचा थर असतो. ही माती उष्णता सावकाश शोषून घेते. म्हणून दुपारचें ऊन आंत पोहोंचेपर्यंत दिवस कललेला असतो. मात्र तीच सांठलेली उष्णता रात्रीं खोलींत उतरते.

पावसाळ्यापूर्वीं गळती थांबविण्यासाठीं माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर देण्याची रीत आहे. जुना थर न काढतां नवा घातला कीं जाडी वाढत जाते. थोडें गणित करूं. एक घनमीटर मातीचें वजन सुमारें १,६०० किलो धरलें, तर ६० सेंटिमीटर जाड थराचें वजन दर चौरस मीटरास ९६० किलो होतें. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर, म्हणजे सुमारें ९.३ चौरस मीटरांवर, जवळजवळ ९ टन माती बसलेली असते! पावसानें भिजली म्हणजे तिचा भार आणखी वाढतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यांतील किल्लारी व आपल्या जिल्ह्यांतील सास्तूर या परिसरांत भूकंप झाला. मातींत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या, वरचें ओझें खालीं आलें, आणि हजारों माणसें निजल्या जागींच दगावलीं. उष्णतेचें निवारण भारानें साधूं नये, हा धडा त्या पहाटेनें दिला.

मग करावें काय? प्रथम, छतावरील जास्तीची माती जाणत्या कारागिराकडून हळूहळू, सर्व बाजूंनीं सारखी उतरवून घ्यावी. उरलेल्या थरावर चुन्याचा पांढरा हात द्यावा. पांढरा रंग ऊन परतवितो.

दुसरें, हवेचा उपयोग करावा. कोंडलेली, स्थिर हवा उष्णतेची मंद वाहक असून तिचा भार नगण्य असतो. छताखालीं वीतभर अंतर सोडून बांबूचे तट्टे बसविल्यास मधली हवा आपलें रक्षण करते. परंतु एक तट्टा काढतां येईल असा ठेवावा. नाहींतर वरची भेग व वाळवी दिसणार नाहीं.

तिसरें, अडचणीच्या जागा. भिंतीचा माथा छताला मिळतो ती फट, माळ्यामागील अंधारा कोपरा, उजेडासाठीं ठेवलेल्या साण्याची कड, यांतून तापलेला वारा आंत शिरतो. तेथें उदबत्ती धरावी. धूर हालला कीं फट सांपडली. भुसा मिसळलेला चिखल लांब काठीनें आंत दाबून ती बुजवावी. भुशांत हवा अडकते, आणि चिखलही कमी तडकतो. पोकळींत सुटा कडबा मात्र कोंबूं नये; उंदीर व आग यांस तें आमंत्रणच होय. तुळयांचीं भिंतींतील टोकेंही गच्च लिंपूं नयेत; ओल कोंडून लांकूड आंतल्या आंत कुजतें. भिंत फुगली असेल किंवा उभी भेग गेली असेल, तर ती लिंपून झांकण्यापूर्वीं जाणत्यास दाखवावी.

सुटींत गांवीं जाल तेव्हां साण्याच्या कडेला मातीचा थर दिसतो, तो वडीलधाऱ्यांच्या समवेत मोजा, वरील रीतीनें भार काढा, आणि उत्तर आईवडिलांस वाचून दाखवा. वर्गांत सोडविलेल्या अनेक उदाहरणांपेक्षां हें एक उदाहरण घराच्या अधिक उपयोगीं पडेल.